मर्व्ह ट्रँटरच्या गिटारला जवारी

टूनगॅबी

ऑस्ट्रेलियाला जाऊन आलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा कांगारूबद्दल विचारतात. मी तिथं सात महिने होतो आणि कांगारू मला एकच दिसला, तोही रस्त्याकडेला मेलेला. तेव्हा त्यासाठी वाचायला बसला असाल तर इथंच थांबलेलं बरं. मला सांगायचंय ते एका गिटारवाल्याबद्दल. त्याचं नाव तुम्ही ऐकलेलं नाही. वाईट वाटून घेऊ नका, तिथंही कुणी ऐकलेलं नव्हतं.

आधी माझं सांगतो. मी मिरजेचा, दत्तात्रय, गल्लीत दत्ताप्पा म्हणतात. चाळीस वर्षं तंबोऱ्यांना जवारी लावतो. तंबोऱ्याच्या तारा हाडाच्या ज्या पट्टीवर टेकतात तिला आम्ही घोडी म्हणतो. ती पट्टी कानशीनं अशी घासायची, की तार छेडली की पट्टीला पुसटशी लागत राहावी आणि झंकार सुटावा. त्या कामाला जवारी म्हणतात. केसभर कमी घासलं तर तार मुकी राहते, केसभर जास्त झालं तर कर्कश होते. माझ्या हातच्या तंबोऱ्यांवर मोठमोठी माणसं गायली. पेपरात गवयाचं नाव येतं, साथीदारांचं येतं, मंडपवाल्याचंही येतं. जवारीवाल्याचं आलेलं मी अजून पाहिलेलं नाही. तक्रार करत नाही, आपलं माहितीसाठी सांगितलं.

माझा मुलगा मकरंद अकाउंट्स शिकायला म्हणून सिडनीला गेला आणि शिकून औषधांच्या गोदामात शिफ्टला लागला. आता पीआर आहे, म्हणजे कायम राहायचा परवाना, आणि सिडनीच्याच टूनगॅबीत घर आहे. कोरोनाच्या वर्षी फेब्रुवारीत मी तीन महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो. कुठंही जाताना कानस बरोबर घ्यायची माझी खोड आहे. कानस आणि उंटाच्या हाडाच्या चार पट्ट्या, जुन्या धोतरात गुंडाळून. विमानतळावरच्या बाईंनी कानशीकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हाडं मात्र काढून घेतली. त्यांच्या देशाला रोग होऊ नये म्हणून. महिन्याभरात सगळ्या जगाला रोग झाला, पण तो माझ्या हाडांमुळे नाही हे नोंदवून ठेवतो.

मग सगळं बंद झालं. विमानं बंद, दुकानं बंद. टूनगॅबीची माणसं तशीही रस्त्यावर दिसत नाहीत, त्यामुळे मला दोन दिवस फरकच कळला नाही. तिसऱ्या दिवशी मकरंद दमूनभागून घरी आला आणि म्हणाला, टॉयलेट पेपरवरून दुकानात मारामारी झाली. साहेबाच्या पोशाखातली माणसं कागदासाठी एकमेकांना ढकलतायत. आमच्या घरात मात्र शांतता होती. त्या बाबतीत मिरजकर स्वावलंबी आहे.

पेंडल हिल

सून श्रद्धा होम केअरमध्ये आहे. म्हाताऱ्या लोकांच्या घरी जाऊन त्यांना अंघोळ घालायची, औषधं द्यायची, खायला करून घालायचं. पेंडल हिल स्टेशनजवळ आपल्या लोकांची मसाल्याची दुकानं आहेत. त्यांच्या मागच्या गल्लीत, एका घराच्या परसातल्या खोलीत तिच्या कामातले एक आजोबा राहायचे, मर्व्ह ट्रँटर. वय ब्याऐंशी. घरात बसून मी फार कटकट करायला लागल्यावर श्रद्धानं मला पिशव्या उचलायला बरोबर न्यायला सुरुवात केली. नियम एकच होता. “आप्पा, अंगणातच बसायचं आणि मास्क काढायचा नाही. माझा जॉब जाईल.”

मी अंगणात प्लास्टिकच्या खुर्चीत, मर्व्ह दारात, मधे दोन वाव अंतर. माझं इंग्रजी मिरजेला तंबोरे घ्यायला येणाऱ्या गोऱ्यांपुरतं. मर्व्हचं इंग्रजी तोंडातल्या तोंडात. पहिले दोन आठवडे आम्ही एकमेकांना नुसतंच “येस, येस” म्हणत होतो. मग त्यानं एक दिवस आतून गिटार आणली आणि माझी नजर तिच्या घोडीवर गेली. मी बोट दाखवून म्हटलं, “बोन?” तो म्हणाला, “बोन.” तिथून पुढं अडलं नाही.

त्याची हकिगत मला अशी तुकड्यातुकड्यांनी कळली. बाप रेल्वेत, रुळांवर काम करणारा. गाव पश्चिमेला, डोंगरापलीकडे. मर्व्ह पंधरा वर्षांचा असताना मेंढ्या कातरायला आलेल्या एका माणसाकडून गिटार शिकला आणि कुणाच्या तरी जुन्या तबकड्यांवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं ब्लूज ऐकून बिघडला. ब्लूज म्हणजे काय, तर दुःख झालं की ते तालात आणि तक्रारीच्या सुरात सांगायचं. अठराव्या वर्षी तो सिडनीला पळाला. दिवसा रेल्वेच्या डब्यांवर आकडे रंगवायचे, संध्याकाळी पबात वाजवायचं. हे चाळीस वर्षं चाललं. पबातली माणसं बिअर पीत, कुत्र्यांच्या शर्यतीचा निकाल बघत, आणि मर्व्ह कोपऱ्यात वाजवत असे. एक रेकॉर्ड निघाली. ती ज्या गॅरेजात ठेवली होती तिथं पुराचं पाणी शिरलं.

आणि एकदा, एकदाच, त्याचं नशीब उघडता उघडता राहिलं. अमेरिकेचा एक नामांकित गिटारवाला सिडनीत आला होता. त्याचा कार्यक्रम रेडिओवरून थेट ऐकवायचा होता. ऐन वेळी तो हॉटेलात असा काही पडला, की उठेना. संयोजकांनी मर्व्हला पकडून स्टेजवर ढकललं. मर्व्ह दोन तास वाजवत होता. रेडिओवाल्यांना माणूस बदलल्याचं सांगायचं राहून गेलं. एका मोठ्या पेपरचा समीक्षक पाऊस होता म्हणून घरीच बसून रेडिओवर ऐकत होता. त्यानं दुसऱ्या दिवशी लिहिलं, की असं काळीज चिरणारं वाजवणं त्या अमेरिकन नदीकाठी जन्मलेल्या माणसालाच जमतं, आपल्या इकडच्या मंडळींनी यातून काही शिकावं. मर्व्हचा जन्म रेल्वेच्या पाण्याच्या टाकीजवळचा. ते कात्रण त्यानं शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चिकटवून जपलं होतं. मला दाखवलं तेव्हा कडा काळ्या पडल्या होत्या. मी वाचलं, दोनदा वाचलं. हसावं की रडावं कळेना, म्हणून श्रद्धाच्या थर्मासमधला चहा ओतून घेतला.

जुलैत मर्व्हच्या गावाहून फोन आला. गावातला हॉल पुन्हा उघडायचा होता. कार्यक्रम ठरला होता मेलबर्नच्या एका बँडचा, पण मेलबर्नकडच्या व्हिक्टोरिया राज्याची सीमा बंद झाली आणि बँड पलीकडेच अडकला. तेव्हा कुणाला तरी आठवलं, की ट्रँटरांचा एक पोरगा कायसं वाजवायचा. चौसष्ट वर्षांत गावानं त्याला पहिल्यांदा बोलावलं, तेही दुसरं कुणी येऊ शकत नव्हतं म्हणून.

मर्व्हला त्याचं काही नव्हतं. त्याला बेटीची पडली होती. बेटी त्याची थोरली बहीण, वय शहाऐंशी, अजून त्याच गावात. चर्चला जाणारी बाई, पबाची पायरी जन्मात चढली नाही, त्यामुळे तिनं मर्व्हला लोकांपुढं वाजवताना एकदाही ऐकलं नव्हतं. तिच्या लेखी तिचा भाऊ डबे रंगवणारा आणि वर बढाया मारणारा. पण हॉल म्हणजे पब नव्हे, वेळ दुपारची, दारू नाही. बेटी येते म्हणाली होती. “एकदा ऐकू दे तिला,” मर्व्ह म्हणाला, “मग झालं माझं.”

एवढंच त्याला हवं होतं आणि त्यातच माझा हात लागला.

गिटार जरा मंद झालीय, असं तो बोलता बोलता म्हणाला. दुरुस्तीची दुकानं बंद. श्रद्धा पटकन म्हणून गेली, “आमचे आप्पा हेच करतात की.” मी गिटार टूनगॅबीला आणली. छेडून पाहिली तर तार टंग म्हणायची आणि संपायची. झंकार नाही, मागे काही रेंगाळणं नाही. मला त्या वाद्याची दयाच आली. एवढा वाजवणारा माणूस आणि जन्मभर मुक्या तारेवर वाजवत आला, कुणी सांगणाराच भेटला नाही. तीन दिवस गॅरेजात बसून मी सहाच्या सहा तारांना जवारी लावली. काय जवारी लागली म्हणून सांगू. खालची तार छेडली की गॅरेजचं पत्र्याचं दार गुणगुणायचं. मीच माझ्या पाठीवर थाप मारून घेतली. मकरंदनं एकदा दारातून डोकावून विचारलं, “आप्पा, गिटारला असा आवाज असतो का?” मी म्हटलं, “नसतो, म्हणून तर करतोय.”

डोंगरापलीकडे

शनिवारी पहाटे निघालो. श्रद्धाच्या हुकमावरून गाडीच्या चारही काचा खाली, बाहेर कडाक्याची थंडी. मकरंद चालवतोय, मर्व्ह त्याच्या शेजारी ब्लँकेटात, मी मागे मास्क, मफलर आणि मकरंदची लोकरी टोपी घालून. माझे फक्त डोळे उघडे होते, त्यांतूनही पाणी येत होतं. गिटार डिकीत, आदल्या रात्रीच तयार झालेली, मर्व्हच्या हाती अजून न गेलेली. वाजवायच्या दिवशी वेळ येईपर्यंत गिटारला हात लावायचा नाही, हा मर्व्हचा नेम होता. आमच्याकडेही असले नेम असतात. मी कौतुकानं मान डोलावली. त्या नेमाची किंमत मला दुपारी कळली.

ब्लू माउंटन्स म्हणजे निळे डोंगर. लांबून खरंच निळे दिसतात, धूर कोंडल्यासारखे. आदल्या उन्हाळ्यात तिथलं जंगल जळालं होतं. मैलोन् मैल झाडं कोळशासारखी उभी, आणि गंमत अशी, की त्यांना फांद्यांवर नाही, थेट बुंध्यालाच पालवी फुटलेली. काळ्या बुंध्यांवर हिरवी लव. मी गाडी थांबवायला लावून ते जवळून पाहिलं. मर्व्ह गाडीतूनच म्हणाला की ही झाडं अशीच असतात, मरायला सांगितलेलं ऐकत नाहीत.

वाटेत एका बेकरीसमोर फुटपाथवर उभं राहून मीट पाय खाल्ला. मटणाचा सारणपोळा समजा, मीठ-तिखटाशी वैर असलेल्या माणसानं केलेला. मी पिशवीतून भडंगाचा पुडा काढला. जयसिंगपूरचं भडंग, शेवटचाच पुडा होता. मर्व्हनं बकाणा भरला, डोळ्यांत पाणी आणलं आणि पुडा परत द्यायचं विसरला.

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. माणसं भली आहेत आणि पुढं त्यांची एक चूक सांगायची आहे. एक रुंद रस्ता, दोन पब, एक बंद पडलेलं स्टेशन आणि पत्र्याच्या छपराचा हॉल. हॉलच्या कमिटीच्या ग्लेनिसबाई टेप घेऊन खुर्च्यांमधली अंतरं मोजत होत्या. मोजून एकोणीस खुर्च्या बसल्या होत्या. भिंतीवर नियमांचा कागद. नाचायचं नाही. ओरडायचं नाही. आणि गायचं नाही, गाण्यानं तुषार उडतात.

मर्व्हनं विचारलं, प्रेक्षकांनी गायचं नाही ना? ग्लेनिसबाई म्हणाल्या, कमिटीनं विचार केला, कुणीच नको. ब्लूजवाल्याला बोलावून गाऊ नको म्हणायचं, म्हणजे कीर्तनकाराला बोलावून टाळ तेवढे वाजवा म्हणण्यासारखं. मर्व्हनं पुन्हा त्या कागदाकडे पाहिलं. मग म्हणाला, नो वरीज, गिटार म्हणेल काय ते.

त्यानं पेटी उघडली, गिटार मांडीवर घेतली आणि तार छेडली. सबंध हॉल झणझणला. मला तर धन्य वाटलं. मी वा म्हणायला तोंड उघडलं आणि मर्व्हचा चेहरा पाहिला.

“हिला काय केलंस तू, डॅट?”

दत्ताचं त्यानं डॅट केलं होतं. मी समजावून सांगितलं. चाळीस वर्षं, मिरज, मोठमोठे गवई. त्यानं ऐकून घेतलं. पुन्हा तार छेडली, ती बोटानं ताणली, आणि ताणल्यावर माझा झंकार फुटून खरखर झाला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तंबोऱ्याची तार कुणी ताणत नाही, ती आपली मोकळी झुलते. ब्लूजवाला तारेला हातानं ओढून तिच्याकडून रडणं काढतो, आणि त्या रडण्यात ही झणझण म्हणजे भरल्या डोळ्यांच्या माणसाच्या कानाशी डास. मला इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. शहाऐंशी वर्षांची बाई यायला अर्धा तास उरला होता, त्याला गायची बंदी होती, आणि त्याचा उरलेला एकमेव आवाज मी बिघडवून ठेवला होता.

घासलेलं हाड परत येत नाही. पट्ट्या होत्या त्या विमानतळावर राहिलेल्या. उपाय एकच होता. पट्टीचा माथा पुन्हा घासून धारदार करायचा, म्हणजे झंकार मरतो. पण त्यानं पट्टी बुटकी होते आणि तारा खाली बसतात, म्हणून तिच्या बुडाला काहीतरी पातळ पण टणक सारायचं. मी स्टेजच्या कडेला बसून घासायला लागलो. मकरंद कागद शोधत धावला. ग्लेनिसबाईंच्या वहीचं पान मऊ निघालं. भडंगाचा पुडा निसरडा. पबातून बिअरच्या ग्लासाखालची चकती आणली, ती जाड.

मर्व्हनं कोटाच्या आतल्या खिशातून ते कात्रण काढलं. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं, पन्नास वर्षांत दबून लाकडासारखं झालेलं.

मी नाही म्हटलं. मराठीतच म्हटलं.

“बेटीला दाखवायला आणलं होतं,” तो म्हणाला. “पण त्यात माझं नाव कुठं आहे? त्यापेक्षा तिनं ऐकावं. काप. नावाकडून काप.”

मी त्या अमेरिकन माणसाच्या नावाची पट्टी कापली आणि मर्व्हच्या गिटारच्या घोडीखाली सारली. अगदी नेमकी बसली. तारा चढवल्या, सुरात लावल्या. जन्मात पहिल्यांदा मी एखादं वाद्य मुकं व्हावं म्हणून देव पाण्यात ठेवले होते.

तीन वाजता बेटी आली. काठी, टोपी, पांढरे मोजे. पहिल्या रांगेत बसली. पर्स मांडीवर घट्ट.

मर्व्ह एक तास वाजवत होता. त्याबद्दल मला फार लिहिता येणार नाही. आपल्या दुपारच्या रागांत कोमल गंधार खाली ओढून धरतात, तसं काहीसं तो करायचा, पण धरायचा नाही, सोडून द्यायचा, आणि सोडलेलं पुन्हा आठवल्यासारखं शोधायचा. गाणं नव्हतं म्हणून शब्दांच्या जागी तो थांबायचा. त्या थांबण्यात मला आमच्या मिरजेचं स्टेशन का दिसलं, कोण जाणे. मी मास्कच्या आत रडलो. मास्कचा तेवढा एक फायदा. हॉलमध्ये मात्र ढिम्म शांतता. वा नाही, मान नाही. मागचा एक म्हातारा पायानं ठेका धरत होता, त्याच्याकडे ग्लेनिसबाई हे नाचात धरायचं का अशा विचारानं बघत होत्या. संपल्यावर टाळ्या पडल्या, बऱ्याच वेळ. एक शेतकरी पुढं येऊन “नॉट बॅड, मेट” म्हणाला. तिकडं याहून मोठी पदवी नाही, असं मकरंदनं मला सांगितलं.

मग बेटी काठी टेकत आली. मर्व्ह उभा राहिला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण परीक्षेचा निकाल ऐकायला उभा राहावा तसा. ती त्याच्यासमोर थांबली. म्हणाली, “असलं मी पूर्वी एकदाच ऐकलंय. आई होती तेव्हा. रेडिओवर. कुणी अमेरिकन होता. आई चूल विझवून ऐकत बसली होती.” मग त्याच्या बाहीला हात लावून म्हणाली, “तू जवळजवळ त्याच्याइतकं चांगलं वाजवतोस, मर्व्ह.”

मकरंदनं हळूच मला भाषांतर करून सांगितलं, पण मला आधीच कळलं होतं. मर्व्हनं माझ्याकडे पाहिलं. कात्रणाचा उरलेला तुकडा माझ्या खिशात होता. मी तो काढायला हात घातला. त्यानं किंचित मान हलवली, नको.

“थँक्स, बेट,” तो म्हणाला.

परत येताना डोंगर उतरलो. मग मर्व्ह एकदम म्हणाला, “आई चूल विझवून बसली होती.” आणि काचा खाली असूनही घामेजल्यासारखा रुमालानं तोंड पुसत राहिला.

मिरज

दोन आठवड्यांनी टूनगॅबीच्या घरी त्या गावाचं बातमीपत्र टपालानं आलं. गावातलीच कुणी मंडळी हौसेनं काढतात. पहिल्याच पानावर फोटो. मास्क घातलेला, लोकरी टोपीतला माणूस, मांडीवर गिटार, मान खाली घालून तार जुळवतोय. खाली ठळक अक्षरांत, आपल्या गावचे सुपुत्र मर्व्ह ट्रँटर. फोटो माझा होता. जवारीवाल्याचा फोटो छापून आलेला मी पहिल्यांदाच पाहिला आणि तोही असा. मी घाबरत घाबरत तो अंगणातून मर्व्हला दाखवला. तो इतका हसला की श्रद्धा आतून पाण्याचा ग्लास घेऊन धावत आली. म्हणाला, जपून ठेव डॅट, पुढच्या वेळी घोडीखाली सारायला होईल.

सप्टेंबरात खास विमानानं मी परत आलो. पुढच्या वर्षी तिकडच्या हिवाळ्यात, दुसरं लॉकडाउन चालू असताना, श्रद्धाचा फोन आला की मर्व्ह गेला. झोपेतच. अंत्यविधीला मोजून दहा माणसांची परवानगी, पण तितकीही जमली नाहीत. बेटीनं व्हीलचेअरवर बसून तो मोबाइलवर पाहिला. पेपरात काही आलं नाही. श्रद्धानं शोधलं, मकरंदनं शोधलं. बातमीपत्रातही नाही, कारण ते तोवर बंद पडलं होतं. मी दुकानात बसून होतो, समोर एक तंबोरा होता, त्या दिवशी हातून कानस चालली नाही.

म्हणून हे लिहिलं. एका चुलत्याच्या ओळखीनं आमच्याकडच्या एका दिवाळी अंकात छापून येतंय. संपादक म्हणाले, गिटारवाल्याऐवजी कांगारूचा फोटो टाकू. मी नको म्हटलं. फोटो कसलाच नको. फक्त नाव पाहिजे. त्याचं नाव मर्व्ह ट्रँटर होतं आणि त्या रात्री रेडिओवर तोच वाजवत होता. प्रूफ मी स्वतः वाचलेलं आहे.